ताट मीच वाढणार की

साखर तपासायला गेलो होतो. सोलापुरातल्या त्या दवाखान्यात नर्सबाई पत्रकं वाटून मराठीतून समजावत होत्या, "भात निम्मा करा, रोज चाला." माझ्या शेजारी विड्या वळणाऱ्या दोन तेलुगू बायका बसल्या होत्या. थोरलीला मराठी कळत नव्हतं, म्हणून धाकटी तिला तेलुगूतून सांगत होती. मांडीवर तंबाखूचं सूप नसतानाही धाकटीची बोटं विडी वळल्यासारखी हलत होती.

नर्सबाईंचं वाक्य एवढंसं, पण हिचं सांगणं काही संपेना. थोरली आधी रुसली, मग पदर तोंडाला लावून हसली. मला राहवेना. "एवढं काय सांगितलंत हो?"

"अक्काला भात कमी कर म्हटलं तर ऐकंल का ओ? एकटी असती घरात, मग भातच खात बसती. म्हटलं, उद्यापासनं सूप घेऊन माझ्याकडं ये, दोघी मिळून वळू. घर लांब हाय माझं, चालणं हुतंय. दुपारी जेवायलाबी माझ्याकडंच. ताट मीच वाढणार की!"

दोघी हात धरून निघून गेल्या. माझ्याही हातात तेच पत्रक होतं. घरी जाऊन ताट मात्र माझं मलाच वाढून घ्यायचं होतं.