नळाच्या दिवशी अडणारं दार

माझ्या धाकट्या बहिणीच्या घराचा नकाशा मी काढला, आणि गच्चीवरची पाण्याची टाकी कुठं ठेवायची तेही मीच ठरवलं. नळ आठवड्यातून एकदा, म्हणून टाकी दोन हजार लिटरची. मिस्त्री म्हणाला, "साहेब, खांबावर घेऊ का?" मी म्हटलं, "नको, पाईप वाढतो." स्वयंपाकघराच्या दारावर जो बीम होता, त्याच्या बरोबर मधोमध टाकी बसली.

वर्षभरात ते दार अडायला लागलं. सुतारानं दोनदा रंधा मारून पाहिला. एका रविवारी मी जेवायला गेलो तेव्हा बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, नळ येतात त्या दिवशीच अडतंय बघ. टाकी खाली झाली की नीट उघडतं."

मी नुसता हसलो असतो तरी चाललं असतं. "बरं झालं," मी म्हणालो, "नळवाल्याला फोन करायला नको. दारालाच विचारत जा." मेहुणे हसले, तिच्या सासूबाई हसल्या. तेव्हापासून ती काही बोलली की घरात म्हणायचे, "आलं नळाचं दार." मी ऐकायचो आणि गप्प बसायचो.

वाळूजला कारखान्यांच्या शेड उभारणं हे माझं रोजचं काम. एकदा तिथं एका फिटरवर मी डाफरत होतो, "तेच वजन खांबाजवळ टांग, बीम फारसा वाकत नाही. मधोमध टांगलंस की वाकलाच." बोलता बोलता माझी जीभ अडखळली. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन. टाकी भरली की दारावरचा बीम वाकून चौकट दाबत असणार. गाडी काढली आणि तडक बहिणीकडं गेलो.

त्या दिवशी नळ आले होते. दार अडलेलंच होतं. बीमच्या खालच्या कडेला, एका टोकाला बहिणीनं दोरी ताणून धरली, दुसऱ्या टोकाला मी. मधे बीम दोरीला खाली दाबत होता. तिनं पाहिलं. "टाकी खांबावर घ्यायला हवी," मी म्हणालो. मला तिच्याकडं बघवेना.

तेवढ्यात मेहुणे आले. "काय झालं?"

"दादानं दोष शोधला," बहीण म्हणाली. "टाकी खांबावर सरकवा म्हणतोय."

मी म्हणालो, "हो."

टाकी सरकली, दार सुटलं. तिच्या सासूबाई पाहुण्यांना अजून सांगतात, "आमच्या सुनेच्या भावानं नुसत्या दोरीनं पकडलं, लई हुशार." बहिणीला घरातले अजूनही 'नळाचं दार' म्हणून चिडवतात. आणि मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.