ओके रिपोर्ट

आमची पोस्ट बर्फात होती. दर तासाले खाली बेसवर वायरलेसनं रिपोर्ट द्यायचा. वाक्य ठरलेलं, "सब ठीक, ओवर." फौजेत याले ओके रिपोर्ट म्हणतात. मी हवालदार, कळंबजवळच्या गावचा, कपाशीवाल्या घरचा. सेटवर माझ्यासोबत लान्स नायक सलीम, पुसदच्या गॅरेजवाल्याचा पोरगा. आम्ही दोघं वऱ्हाडी बोलायले लागलो की पंजाबी पोरं हसायची.

त्या सकाळी सलीम खोकत होता.

"काय होऊन राह्यलं बे?"

"काही नाही उस्ताद. थंडी."

रिपोर्ट त्यानंच दिला. "सब ठीक, ओवर." दुपारी तोंडाले फेस आला. छातीत पाणी भरलं होतं; उंचीवर होते असं. त्या उतारावर स्ट्रेचर चालत नव्हतं. मी त्याले पाठीवर घेतलं आन् हेलिपॅडकडे निघालो. वाटेत माझ्या कमरेत कटकन झालं. थांबलो नाही. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा सलीम गेलता.

कंबर तेव्हापासून दुखायची. मेडिकलमध्ये विचारलं की माझं उत्तर एकच, "सब ठीक, साब." पेन्शनवर घरी आलो, आन् शेवटी मागच्या वर्षी मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, उचलायचं नाही, पट्टा सोडायचा नाही. सबुरी ठेवा.

सबुरी! अरे, रोज पहाटे पीटी करणारा माणूस मी. आता सुनंदा, माझी बायको, मले मोजे घालून देते. डावं पाऊल वर उचलत नाही. अंगणात चालतो, चप्पल मागं गळून पडते, आन् पायाले पत्ताच नाही. सुनंदा मागून चप्पल आणून देते. एकदा म्हणाली, "लागू द्या ना वेळ." मी ताट फेकलं. मग ते वाकून उचलता येईना म्हणून रडलो. लपवून काय करू? महिने गेले, पाय तसाच. कायले जगून राह्यलो, असं वाटायचं. आन् फाटकावरून कोणी "कसं काय फौजी?" विचारलं की तोंडातून निघायचं, "सब ठीक."

तुरीच्या सोंगणीचे दिवस होते. सकाळी नुसता खोकललो, आन् कमरेत पुन्हा कटकन झालं. दुपारपर्यंत बसायची जागा बधिर. लघवी सकाळपासून बंद. सुनंदा वावरातून आली, माझं तोंड पाहून दारातच थबकली.

"काय होऊन राह्यलं तुमाले?"

"काही नाही."

"काही नाही काहून म्हणता? घामानं निथळून राह्यले!"

तिनं डॉक्टरले फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"बोला हवालदार, कसं आहे?"

"सब..." एवढंच निघालं. कानात सलीमचा आवाज आला, खोकल्यात दबलेला. पुढचा शब्द काही केल्या निघेना. भेव वाटलं, खरं सांगतो. बर्फात वाटलं नव्हतं एवढं.

"नाही साहेब. ठीक नाही. लघवी बंद आहे. खालचं काहीच समजत नाही."

"आत्ताच्या आत्ता यवतमाळला आणा त्यांना."

संध्याकाळी पुन्हा टेबलवर घेतलं. डॉक्टर नंतर म्हणाले, उद्यावर ढकललं असतं तर जन्मभर लघवीची नळी लागली असती. नळी निघाली. पाऊल मात्र आजही पडलेलंच आहे. उचललं जाईल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. मी विचारणं सोडलं. काही सकाळी उठावंसंच वाटत नाही.

सलीमच्या बरसीले मी त्याच्या अम्मीले पुसदले फोन करतो. दरवर्षी ती विचारते, मेरा सलीम आखिर में क्या बोला था? मी सांगतो, सब ठीक बोला, अम्मी. तिले बरं वाटते, असं मी समजत होतो. यंदा तिनं आधी माझं विचारलं.

"तू कैसा है बेटा?"

"ठीक नहीं हूँ, अम्मी. पैर नहीं उठता."

मग ती म्हणाली,

"अच्छा किया, बोल दिया. उसने नहीं बोला."