अर्धा सूर वर

१९७२ साली क्लीव्हलंडच्या पूर्वेला, सरोवराच्या काठच्या आमच्या स्लोव्हेनियन वस्तीत टाय लावून रॉक वाजवणारा एकच बँड उरला होता. त्याचा म्होरक्या नॉर्बर्ट झालोकार. वय सव्वीस, सगळ्यांचा नॉर्बी. दिवसभर स्क्रूच्या कारखान्यात यंत्रापाशी उभा असायचा आणि रविवारी दुपारी अंगाचा तेलाचा वास घासून काढून स्लोव्हेनियन हॉलच्या स्टेजवर चढायचा. बँडचं नाव 'द सॅटर्डे मेल'. शनिवारचं टपाल रविवारी का येतं, हा वस्तीतला जुना विनोद होता आणि नॉर्बीला त्यावर कधीच हसू आलं नाही.

आठ वर्षांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी इंग्लंडच्या त्या प्रसिद्ध बँडचे चौघे टीव्हीवर आले. सोमवारी वस्तीतल्या निम्म्या पोरांनी बापाचं अकॉर्डियन कपाटात ढकललं आणि गिटारीचा हट्ट धरला. बहुतेकांचं वेड चार वर्षांत उतरलं. उरलेल्यांचे केस वाढले आणि गाणीही वाढली. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. गिटारवाला डोळे मिटून स्वतःशीच बोलत बसणार आणि नाचायला आलेली माणसं भिंतीला टेकून जांभया देणार! नॉर्बीला हे मुळीच पटेना. त्याचं म्हणणं सरळ होतं. गाणं तीन मिनिटांचं असावं, गिटारींचा दणका छातीत बसावा, आणि त्यावर तीन गळ्यांनी एकमेकांना सांभाळत इतकं गोड गावं की मोडलेल्या प्रेमाची रड ऐकूनसुद्धा माणसाचे पाय उचलावेत. याला पुढे पॉवर पॉप म्हणू लागले, पण तेव्हा त्याला नाव नव्हतं. कारखान्यात त्याला एवढंच ऐकायला मिळायचं, "काय नॉर्बी, तुझं घड्याळ चौसष्टलाच बंद पडलं का रे?"

त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून एक गाणं केलं, 'गुरुवारपर्यंत थांब'. ते ध्वनिमुद्रित करायला बँडचे चौघे वॉल्टकाकांकडे गेले. वॉल्ट ह्रिबार यांनी आपल्या फर्निचरच्या दुकानामागच्या गॅरेजात तीस वर्षं पोल्काच्या, म्हणजे आमच्या अकॉर्डियनवरच्या नाचगाण्यांच्या, रेकॉर्डी काढल्या होत्या. रॉकमधलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं सांगायचेही. पण पोल्कावाल्यांचा एक जुना हातखंडा त्यांना चांगला ठाऊक होता. टेप ओढणारी जी पोलादी दांडी असते, तिच्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे दिले की दांडी जाड होते आणि टेप जरा जलद पळते. अकॉर्डियन चमकतं, गाणारा तरुण वाटतो, नाचणारे जागे होतात. पोरं घरी गेल्यावर काकांनी हातासरशी तसे वेढे दिले आणि ती जलद प्रत रेकॉर्डी छापणाऱ्यांकडे धाडली. त्यात फसवायचं काही मनात नव्हतं. सुतार फळीवर रंधा फिरवतो तितक्याच सहज त्यांनी ते केलं.

रेकॉर्ड घरी आली. बायको आर्लीन बटाटे सोलत ऐकत होती, तिचे हात थांबले. "नॉर्बी, हे केवढं सुंदर झालंय! तूच आहेस, पण एकोणीस वर्षांचा!"

नॉर्बीने गिटार उचलून साथ धरायला पाहिली तर सूर जुळेना. रेकॉर्ड अर्धा सूर वर होती. तो तसाच काकांच्या दुकानात गेला.

"वॉल्टकाका, हा माझा आवाज नाही."

"तुझाच आहे. जरा घाईत आहे एवढंच."

"परत करा."

"पाचशे छापून आल्यात, बाळा. आणि खरं सांगू? पहिल्यांदाच तुझं काही तरी शेवटपर्यंत ऐकलं मी."

नॉर्बी चडफडत परतला. पण महिन्याभरात ते गाणं रेडिओवर वाजायला लागलं, तेही दुपारी, बायका-पोरं ऐकतात त्या वेळेला. रेडिओवाले तर तबकडी आणखी किंचित जलद फिरवायचे, दुसऱ्या स्टेशनपेक्षा आपलं स्टेशन तरतरीत वाटावं म्हणून! म्हणजे नॉर्बीचा आवाज गॅरेजात एकदा पळाला आणि रेडिओत दुसऱ्यांदा. वस्तीतल्या पोरी बसमध्ये ते गाणं गुणगुणायच्या. कारखान्यात घड्याळाची चेष्टा बंद झाली. आणि मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडून फोन आला की आमचे मिस्टर गेल्ब तुम्हाला ऐकायला येत आहेत. ही एक संधी साधली तर आयुष्यभर स्क्रू कापावे लागणार नाहीत, हे नॉर्बीला स्वच्छ दिसत होतं. दुसरी संधी आमच्या वस्तीत कुणाला आल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

मिस्टर गेल्ब रविवारी दुपारी आले, मागच्या टेबलावर बसले, आमचं क्लोबासा सॉसेज खाल्लं, गाणी ऐकली. बँड झकास वाजला. नॉर्बी स्वतःच्या सुरात, स्वतःच्या भरदार आवाजात गायला. कार्यक्रम संपल्यावर गेल्ब रुमालाला हात पुसत पुढे आले.

"छान. आता मला सांगा, रेकॉर्डवर गातो तो पोरगा कुठे आहे?"

"मीच तो," नॉर्बी म्हणाला.

गेल्ब समजुतीने हसले. भाड्याचा गळा आणून रेकॉर्ड करायची चाल त्यांनी पुष्कळ पाहिली होती. "हे बघा, मला राग नाही. असं करतात लोक. तुमचं गाणंबिणं सगळं उत्तम, पण मला त्या आवाजात काचेसारखं काही तरी ऐकू येतं, ते हवंय. मी शिकागोला चाललोय. पंधरा दिवसांनी परत जाताना इथे उतरतो. त्या पोराला उभं करा, सही करू."

ते गेल्यावर वॉल्टकाका म्हणाले, "सांगून टाक ना त्याला. टेपचा खेळ आहे म्हणावं. मी येतो हवं तर."

"म्हणजे आवाज खोटाच, असं म्हणेल तो."

"मग काय करणार आहेस?"

"तो पोरगा होणार," नॉर्बी म्हणाला.

मला त्या पंधरा दिवसांचा विचार करवत नाही. त्याने गिटारीच्या तारा अर्धा सूर वर चढवल्या. त्या पटापट तुटायच्या, तो नव्या लावायचा. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याबाहेर गाडीच्या काचा वर करून तो तेच एक कडवं ओरडत बसायचा. रेडिओवर गाणं लागलं की त्याच्या मागे धावायचा, आणि गाणं नेहमी त्याच्या हातभर पुढे असायचं. स्वतःच्याच आवाजाचा मत्सर माणसाला वाटू शकतो, हे मला नॉर्बीकडे बघून कळलं. कारखान्यात हवेत तेलाचं धुकं, त्यात घसा आधीच खरवडलेला. आठव्या दिवशी त्याच्या थुंकीत रक्त दिसलं.

आर्लीनने त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. गाणं तर सोडाच. ऐकलं नाही तर हा गळा मिळणार नाही परत."

नॉर्बीने मान डोलावली आणि खरंच बोलणं बंद केलं. पण ते बरं होण्यासाठी नव्हतं. आवाज कंजुषासारखा साठवून तो रोज संध्याकाळी तळघरात त्या एका गाण्यावर उधळत होता. घरात कागदाच्या चिठ्ठ्या लिहायचा.

"नॉर्बी, तू वेडा झालायस का?" आर्लीन एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. "गळा गेला तर पुढे काय गाशील? कुणाला गाशील?"

त्याने चिठ्ठी लिहिली, 'फक्त तीन मिनिटं हवीत.'

"आणि नंतर?"

त्याने पेन्सिल ठेवून दिली.

आर्लीनचा धाकटा भाऊ डेनी प्रुस्निक बँडमध्ये दुसरी गिटार वाजवायचा आणि नॉर्बीच्या वरचा सूर धरायचा. बावीस वर्षांचा, गळा असा स्वच्छ की वरच्या पट्टीत त्याला घामसुद्धा येत नसे. गेल्ब परत यायच्या त्या रविवारी बायका मागच्या स्वयंपाकघरात आंबट कोबी ढवळत होत्या, तिथे त्याने नॉर्बीला कोपऱ्यात गाठलं.

"नॉर्बी, ऐक. मुख्य ओळ मी घेतो. तू खालचा सूर धर. गाणं तुझंच राहील ना?"

नॉर्बीने मान हलवली.

"अरे बाबा, हट्ट करू नकोस. तुला येणार नाही ते. मला येतं. यात अपमान कसला?"

नॉर्बी पाच-सहा दिवसांत पहिल्यांदा बोलला. आवाज वाळूतून ओढल्यासारखा आला. "डेनी, ते माझं आहे. मी केलंय. मीच गाणार."

त्याला राग डेनीचा नव्हता. डेनी खरं बोलत होता, त्याचाच त्याला राग होता.

हॉल गच्च भरला होता. वस्तीला सगळं माहीत होतं, आणि गेल्ब सोडून प्रत्येक जण श्वास रोखून होता. पहिलं कडवं नॉर्बीने काढलं. पहिल्या धृपदाला मानेच्या शिरा टरारल्या, पण सूर लागला. अगदी रेकॉर्डसारखा, काचेसारखा. मागे गेल्ब खुर्चीत पुढे सरकले. वॉल्टकाकांनी डोळे पुसले. मला अजून वाटतं, तिथेच वीज गेली असती, कुणाला फेफरं आलं असतं, काहीही होऊन गाणं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसरं धृपद आलं. नॉर्बीने तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा आली. त्याने पुन्हा छाती भरली. पुन्हा हवाच. गिटार वाजत होती, ओठ शब्द आकारत होते, आणि आवाज नव्हता.

डेनीने एक ओळ वाट पाहिली. मग त्याने वरचा सूर सोडला आणि मुख्य ओळ उचलली. वाईट हेतूने नाही. नॉर्बी बुडत होता आणि त्याने हात दिला. हॉलने सुटकेचा श्वास टाकला आणि सगळे त्याच्याबरोबर गाऊ लागले. गेल्ब उभे राहिले. डेनीकडे बोट दाखवून शेजारच्याला मोठ्याने म्हणाले, "हाच! मी म्हणत नव्हतो?"

डेनी आठ दिवस नाही-नाही म्हणाला. शेवटी नॉर्बीनेच त्याला चिठ्ठी लिहून पाठवलं. 'जा. मूर्खपणा करू नकोस.' डेनी न्यूयॉर्कला गेला. त्याची एक रेकॉर्ड निघाली, दुकानांत धड पोचली नाही, कुणी घेतली नाही. लोकांना अजून वीस मिनिटांचीच गाणी हवी होती. आता तो न्यूजर्सीत विमा विकतो आणि नाताळला फोन करतो.

नॉर्बीच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली, पण जे गेलं ते गेलंच. बोलताना खरखर, गायचं तर नावच नको. बँड मोडला. गिटार त्याने विकली नाही, फक्त तिच्या पेटीवर हिवाळी बूट ठेवायला लागला.

आणि मग अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीत गंमत झाली. गंमत कसली, क्रूरपणाच तो! लांबलचक गाण्यांना लोक कंटाळले. सगळीकडून तीन मिनिटांची दणकेबाज, गोड गाणी यायला लागली. मासिकांनी त्याला पॉवर पॉप म्हणून डोक्यावर घेतलं. ज्या कंपन्या पूर्वी अशा गाण्यांना विचारत नव्हत्या, त्या आता अरुंद टाय लावलेला कोणीही पोरगा दिसला की कराराचा कागद घेऊन धावत होत्या. दुकानांतले टाय संपले.

"बघ, तू बरोबर होतास," आर्लीन म्हणाली.

"हो," नॉर्बी म्हणाला. "सात वर्षं आधी." आणि डबा घेऊन कामाला गेला. आपण बरोबर होतो या गोष्टीचा माणसाला इतका कमी उपयोग मी कधी पाहिला नाही.

त्या ऑगस्टात पॅरिशची, म्हणजे आमच्या चर्चची, पिकनिक होती. भर दुपारी मैदानात जवळच्या मेंटर गावच्या चार पोरांचा बँड उभा राहिला. लाल टाय, घट्ट पँटी. चार-पाच गाण्यांनंतर त्यातला गाणारा म्हणाला, "हे आता आपल्या इकडचं जुनं गाणं. कुणाचं ते आम्हालाही नक्की माहीत नाही, पण आमचं सगळं इथूनच सुरू झालं." आणि त्यांनी 'गुरुवारपर्यंत थांब' सुरू केलं. रेकॉर्ड ऐकूनच शिकले होते, तेव्हा तिच्याच पट्टीत, अर्धा सूर वर. त्या पोराला ते लीलया जमत होतं.

सगळं मैदान गायला लागलं. म्हाताऱ्या, पोरंटोरं, बिअरच्या रांगेतले पुरुष, सगळे. आर्लीनने नॉर्बीचा दंड घट्ट धरला. नॉर्बी सात वर्षांत गायला नव्हता. काय झालं कुणास ठाऊक, त्याने तोंड उघडलं. आवाज आला! फाटका, जाड, पण आला. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी ज्या सुरात त्याने ते गाणं केलं होतं, त्याच सुरात तो गायला लागला. त्याच्या गळ्याला दुसरा सूर ठाऊकच नव्हता. तो खूश होता. आर्लीन सांगते की इतकं खूश तिने त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

पुढे उभी असलेली एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी दोनदा मागे वळली. तिसऱ्यांदा ती अगदी अदबीने म्हणाली, "काका, राग मानू नका हं. पण तुम्ही सूर चुकताय. मला हे गाणं फार आवडतं हो."

"अगं, तुला माहीत आहे का हा कोण—" आर्लीन उसळली.

नॉर्बीने तिचा हात दाबला. "सॉरी," तो त्या मुलीला म्हणाला. मग गाणं संपेपर्यंत तो तोंड मिटून उभा राहिला, आणि संपल्यावर त्याने सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या.