लूपरचं बटण आणि आत्यांचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याला तर मी आमटीत मीठ दोनदा पडलं तेसुद्धा सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. गोष्ट तशी एका बटणाची आहे.

मी सोलापुरात एका शाळेत शिकवते आणि गिटारवर गाते. साथीला कुणी नाही, म्हणून लूपर घेतला – जमिनीवर ठेवायचा छोटा डबा. पायाने बटण दाबलं की तो आपलं वाजवणं टिपून घेतो, पुन्हा दाबलं की तेच फिरून फिरून वाजवतो. हे दुसरं दाबणं नेमकं समेवर पडायला हवं, नाहीतर प्रत्येक फेरीला गाणं लंगडतं. म्हणून लूपर घेताना आधी बटण बघावं. कडक नको, टक्क वाजणारं नको, अनवाणी पायाला कळेल असं हवं. हे शहाणपण मला उशिरा आलं.

आत्यांना – म्हणजे माझ्या सासूबाईंना – ते पायाने दाबणंच खपेना. "वाद्याला पाय लावत्यात व्हय, बाय?" म्हणाल्या आणि पाट घेऊन स्वतःच शेजारी बसल्या. त्या करमाळ्याकडच्या, लहानपणापासून भजनात टाळ धरलेला. मी खूण करायची, त्या तळहाताने बटण दाबायच्या. माझा पाय चुकायचा – त्यांचा हात कधीच नाही. घरी आलेले लोक म्हणायचे, खरी कलाकार तर ही आजी. मी पण हसायची. मनापासून? नाही.

त्या बटणाचा टक्क आवाज माइकमध्ये यायचा. मी काय केलं? शिलाई मशीनचं तेल सोडलं त्यात. दोन थेंब – बरं, खरंच सांगायचं तर चांगले पाच-सहा. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. आवाज बसला, मी खूश.

पंधरा दिवसांनी खंडेनवमी आली. आत्यांनी विळी, शिलाई मशीन, गिटार यांच्याबरोबर लूपरचीही पूजा केली. बटणावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या दसऱ्याच्या कार्यक्रमात – आत्या घरीच होत्या – मी पायाने बटण दाबतेय, दाबतेय – लागेचना. तशीच नुसत्या गिटारवर कसंबसं गायले.

घरी आले तर बातमी आधीच पोचलेली, आत्या दारातच उभ्या. चेहरा उतरलेला. "माझ्या कुंकवानं तर न्हाय ना झालं?"

तेलाचं अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी म्हटलं – "असेल."

नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने बटण उघडलं. "मॅडम, कुंकू वरच्यावरच हाय की. आत तेल कुणी ओतलं?" तेलाला धूळ चिकटून आत लगदा झाला होता. त्याने नवं, मऊ, बिनआवाजाचं बटण बसवलं. तेल कधी नको, कोरड्या ब्रशने झाडा, वर फडकं टाका, असं बजावलं. मी ते सगळं पाळते. घरी मात्र एवढंच सांगितलं की बटण बदललं.

आत्या पुन्हा पाटावर बसल्या नाहीत. मीही एकदाही बोलावलं नाही. घाबरले होते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण भीती कसली? पाच-सहा थेंब तेलासाठी मला कोण रागावणार होतं? खरं हे आहे, की मला बरं वाटलं. लूपर माझा झाला. कौतुक माझं झालं. पाय सरावला, सम बसायला लागली, कार्यक्रम मिळायला लागले. मी झुरले वगैरे अजिबात नाही. सुखात आहे – तेव्हाही होते, आत्ताही आहे.

परवा दुपारी वाजवत बसले होते. आत्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. त्यांची बोटं चौकटीवर ठेका धरत होती. फेरी संपत आली आणि बोटं बरोबर समेवर टेकली – माझा पाय किंचित मागून पडला. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चटकन हात पदराखाली घेतला.

"मी लांबच हाय बाय," म्हणाल्या. "हात न्हाय लावत."

मी पुढचं कडवं घेतलं. गाणं छान झालं.