छातीवरचा हत्ती

माझी बायको गेली ती एका शब्दापायी. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं समजलं.

दोन दिवस म्हणत होती, "जीव घाबरून राह्यला." आमच्या नाचणगावहून तिले दवाखान्यात नेलं. डॉक्टर नीट बोलणारा होता. हातातल्या कागदावरून त्यानं विचारलं, "बाई, छातीत दुखतं का?" ती पदर सारखा करून माझ्याकडं पाहू लागली. आमच्यात नवरा सोबत असला की बाई बोलत नाही. मीच बोललो, "दुखत-गिखत नाई साहेब. जीव घाबरते म्हणते. बायकायचं असतेच." त्यानं 'नाही'वर खूण केली आणि झोपेची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी निवडायला घेतलेली तूर मांडीवर तशीच ठेवून ती गेली. हृदयाचा झटका, म्हणाले.

परवा एक पोरगी आली, डॉक्टरकी शिकते. छातीचं दुखणं लोक कोणत्या शब्दांत सांगतात, ते गावोगाव विचारत फिरते.

"ती गेल्यावर आता काऊन आली?" मी म्हटलं.

ती खाली बसली. "आबाजी, आमची पुस्तकं बाहेरच्या देशातली. तिथला रोगी जे बोलला तेच लक्षण ठरलं. छातीवर हत्ती बसल्यासारखं वाटतं, म्हणतात ते."

"तिकडं हत्ती हायेत?"

"नाहीत."

"पाह्य मंग. त्यायचा नसलेला हत्ती पुस्तकात गेला. आमचा जीव मसणात गेला."

ती हसली नाही. म्हणाली, "एका देशात मशीन सांगेल तेच खरं, दुसऱ्या देशात आधी माणसाचं ऐकतात. जसा देश तशी विद्या. आपण दोन्हीकडून आणलं, आपल्या माणसांचं बोलणं लिहिलंच नाही." मग वही उघडली. "आजी काय म्हणायच्या? त्यांचाच शब्द सांगा."

मी तोंड उघडलं. दारात सून उभी होती. पदर सारखा करून माझ्याकडं पाहत होती.

"मले नोको विचारू," मी म्हटलं. "मी एकडाव तिच्या जागी बोललो हाय." सुनेले म्हटलं, "तू सांग बाई," आणि उठून गोठ्यात जाऊन बसलो.

तरी ऐकू आलंच. "सासूबाई म्हनत, डावा हात भरून येते, जबडा आवळते. मामंजीले सांगू नोको म्हने."

हे मले ठाऊक नव्हतं. कसं असणार? जिथं ती बोलली असती, तिथं मी बसलेला असायचो.