तिकिटावरची बाई

माचू पिचूच्या दारावर माझ्या आईला अडवलं, आणि त्यात त्या दारावरच्या माणसाची काडीचीही चूक नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण रायपूरला परतल्यापासून आमच्या घरच्यांनी हा किस्सा जिथे जिथे सांगितला तिथे तिथे दोष त्या माणसाचा, त्याच्या सरकारचा किंवा स्पॅनिश भाषेचा निघाला आहे. चूक माझी होती. थोडी बाबांचीही होती, पण ती बरीच जुनी.

आई रायपूरच्या बूढापारा भागातल्या एका हिंदी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होती. फळ्यावर दक्षिण अमेरिका ती खडू न उचलता काढायची आणि डाव्या काठानं अँडीजच्या बारीक रेघा ओढायची. स्वतः मात्र नागपूर, अमरावती आणि एकदा जगन्नाथपुरी, यापलीकडे गेली नव्हती. ती निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मी, नव्या रायपुरात सरकारी खुर्चीवर बसणारा कर्ता मुलगा, एका रविवारी मोठ्या मनानं विचारलं, "आई, तुला कुठं फिरायला जायचं आहे का?" मनात मी रामेश्वर धरून ठेवलं होतं, फार तर द्वारका. ती गवारीच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "माचू पिचू."

पेरू या नावावरचा विनोद घरात सगळ्यांनी एकेकदा करून घेतला, म्हणून तो इथे पुन्हा करत नाही. बाबांनी तो दोनदा केला. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जुन्या बांधकामांबद्दल त्यांचं मत आधीच तयार असतं. "इतल्या दूर जाऊन पडकी घरं पाहाची? त्यापेक्षा सिरपूरची देवळं पाहाले चाल. सकाळी निघून संध्याकाळी वापस."

"सिरपूर म्या पोट्ट्यांले सोळा वेळा दाखवलं," आई म्हणाली. "मले हे एक पाहाचं आहे. गुडघे चालून राहिले तवरच."

त्यानंतर तिनं वाद घातला नाही, सराव सुरू केला. रायपूर सपाट गाव. इथे चढण म्हणजे ओव्हरब्रिज, आणि तोही माणसं गाडीवरूनच चढतात. म्हणून चौबे कॉलनीतल्या आमच्या घराच्या गच्चीचा जिना ती रोज सकाळी दहा वेळा चढायची आणि दहा वेळा उतरायची. कामाला येणाऱ्या दीदीनं पहिल्या आठवड्यात विचारलं, "अम्मा, ऊपर कुछ भूल गए हो क्या?" सहा महिन्यांनी आईला दम लागेनासा झाला आणि माझा न जाण्याचा बहाणाच संपला.

विमानं, हॉटेलं, रेल्वे हे सगळं ट्रॅव्हलवाल्या भैयानं पासपोर्टच्या झेरॉक्सवरून नीट केलं. फक्त माचू पिचूच्या प्रवेशाचं तिकीट तेवढं म्हणाला, "वो वेबसाइट पे आप ही भर लो भैया, आसान है." मी ते ऑफिसात जेवणानंतरच्या सुस्तीत भरलं. पासपोर्टचे नंबर मोबाइलमध्ये होते, ते एकेक आकडा तपासून टाकले. नावं मनानंच लिहिली. आपल्या आईचं नाव लिहायला कोण कागद उघडून बसतो?

तर आम्ही पाच जण निघालो: आई, बाबा, मी, बायको आणि आमची कन्या. कन्येला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच निघतं. सामानात बायकोनं तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि शेजारच्या काकूंनी दिलेली डबाभर ठेठरी भरली होती. ठेठरी म्हणजे इकडचा बेसनाचा कडक प्रकार. तो लिमाच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी त्यांच्या कुत्र्याला हुंगायला दिला. कुत्र्यानं तोंड फिरवलं आणि बाबांना त्या देशाबद्दल पहिली शंका आली.

कुस्कोला उतरल्यावर हवा विरळ लागली. दोन पावलं टाकली की थांबावं लागे. आई सोडून सगळ्यांना. बाबा हॉटेलातल्या खुर्चीत बसून कोकाच्या पानांच्या चहाकडे संशयानं बघत होते. "हे नशेचं तं नाही?" असं तीनदा विचारून ते चार कप प्यायले. मग बळ आलं आणि ते भिंती तपासायला निघाले. इंका लोकांनी दगडावर दगड असे बसवले आहेत की मध्ये चुना नाही, सिमेंट नाही, काही नाही. बाबांनी खिशातून पेन्शनरांचं ओळखपत्र काढलं आणि फटीत घालून पाहिलं. जाईना. दुसऱ्या फटीत घातलं. तिथेही जाईना. नोकरीभर ज्यांच्या भिंतींतून हात गेला तरी बिल पास होत असे, ते बाबा त्या गल्लीत तिसरी फट शोधत फिरले. मग गंभीरपणे म्हणाले, "यायनं ठेकेदाराले काम देल्लंच नसंल." आणि फोटो काढून घेतला. रायपुरात सकाळी तळ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांना रोज एक फोटो टाकायचाच होता. त्या दिवसाच्या फोटोत भिंत कोपऱ्यात आहे आणि मध्यभागी बाबा आहेत.

आई मात्र या सगळ्यात नव्हती. ती नुसती बघत होती. रेल्वेत खिडकीशी बसून नदी कुठून वळते ते बोटानं काचेवर काढत होती. पायथ्याच्या गावी पोचलो तेव्हा मी विचारलं, पाय दुखतात का. म्हणाली, "उद्या दुखले तं दुखू दे. उद्याच्यासाठीच तं आहेत ते."

दुसऱ्या दिवशी बस वळणं घेत वर गेली. दारावर रांग होती. प्रत्येकाच्या तिकिटावर आत जायची वेळ छापलेली, आमची अकराची. बाबा गेले, बायको गेली, कन्या गेली. आईचा पासपोर्ट त्या माणसानं हातात घेतला, तिकिटाशेजारी धरला, पुन्हा पाहिला आणि मान हलवली. कन्या परत आली, मोबाइल पुढे केला, तो बोलला, मोबाइलनं भाषांतर केलं. "दादी, ये बोल रहे हैं कि टिकट आपका नहीं है. नंबर आपका है, नाम किसी और लेडी का है."

मी तिकीट हातात घेऊन नाव वाचलं. मला माहीत नव्हतं असं नाही. लक्षात नव्हतं, आणि हे जास्त वाईट. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं तसं पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यावर अंगठीनं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात आणि जुनं नाव संपतं. आईचं जे नाव मी लिहिलं ते ताटातलं. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर आणि म्हणून पासपोर्टवर तिचं माहेरचं नाव होतं. पण शाळेत ती सगळ्यांची 'मॅडम', गल्लीत 'आंटी', नातेवाइकांत ताटातल्या नावाची वहिनी आणि काकू, आणि मला 'आई'. बाबा तर 'अवो, आयकलं का' याच्यापुढे कधी गेले नाहीत. तिच्या पेन्शनच्या कागदावर एक वेगळंच नाव असतं हे मी कितीदा पाहिलं होतं. मला ती कारकुनाची हयगय वाटायची.

बाबा दारापलीकडून परत आले. "अरे, हे तेच हाय. पन्नास वर्षांपासून वळखतो मी."

मी कन्येला म्हटलं, त्यांना नीट समजावून सांग. तिनं टाइप केलं की आमच्या देशात लग्नानंतर बाईचं नाव बदलतात, पहिलंसुद्धा, म्हणून कागदावर एक आणि घरात एक. त्या माणसानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. उद्धट नव्हता तो, खरंच समजून घेत होता. मग त्यानं एकच शब्द विचारला आणि कन्येनं आमच्याकडे वळून सांगितलं, "पूछ रहे हैं, क्यों?"

बायकोही परत आली; आम्ही पाच जण उभे होतो. त्यांत एक एम.ए., एक निवृत्त इंजिनिअर, एक राजपत्रित अधिकारी. उत्तर म्हणून निवृत्त इंजिनिअरनं पेन्शनरांचं ओळखपत्र पुढे केलं. मागची रांग हलत नव्हती.

आईच म्हणाली, "तुम्ही जा. तुमची वेळ निघून जाईल."

आता इथे मी थांबलो असं लिहायला मला आवडलं असतं. बाबा म्हणाले, आपण पटकन पाहून येऊ, फोटो काढू, तिले दाखवू. बायको म्हणाली, मी थांबते. आई नको म्हणाली. आणि आम्ही गेलो. चौघंही. जिच्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आलो तिला दाराबाहेर बाकावर बसवून आम्ही आत गेलो, कारण तिकिटं होती आणि तिकिटांवर वेळ होती. मी ते शहर पाहिलं. ढग बाजूला झाले, खाली हिरव्या पायऱ्या, मागे तो सुळका, सगळं चित्रात असतं तसं. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असतानाही मी फोटो काढत होतो.

परत आलो तर ती तिथेच, मांडीवर पासपोर्ट ठेवून बसली होती. बाबांनी मोबाइल पुढे केला. तिनं पाहिला नाही. "ते ठेवा," म्हणाली. "मले फोटोत पाहाचं असतं तं घरीच पाहिलं असतं." आणि आमची वाट न बघता ती बसकडे चालू लागली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे कधी लक्ष दिलं नव्हतं.

पायथ्याच्या गावात दुसऱ्या दिवसाची तिकिटं मिळतात असं बसच्या चालकानं सांगितलं. आमची परतीची रेल्वे दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळ मोकळी होती. आम्ही रांगेत उभे राहिलो, तीन तास. मी म्हटलं, आपण सगळ्यांचीच काढू. आई म्हणाली, "तुम्ही पाहून आले ना? मी एकटीच जाईन."

"हरवशील," बाबा म्हणाले.

"म्या तीस वर्षं नकाशा शिकवला."

खिडकीतल्या बाईनं नाव विचारलं. मी सवयीनं पुढे झालो. आईनं मला कोपरानं बाजूला केलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. मोठ्यानं, अक्षर अक्षर सुटं करून, फळ्यावर लिहून देत असल्यासारखं. मी पंचेचाळीस वर्षांचा झालो, पण तिच्या तोंडून ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

सकाळी त्याच दारावर तोच माणूस होता. पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, तिचं नाव वाचलं आणि तिला आत सोडलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. गच्चीच्या जिन्यावर चढायची तशीच, एका लयीत वर गेली.

मी आणि बाबा बाहेर बाकावर बसलो. बायको आणि कन्या खाली सामान बांधत होत्या. बाबांनी त्या सकाळी ग्रुपवर काही टाकलं नाही. मी त्यांना दारावरच्या माणसाचाच प्रश्न विचारला. तुम्ही तिचं नाव का बदललं?

"माह्या आत्याचं तेच नाव होतं," ते म्हणाले. "एका घरात एका नावाच्या दोघी कशा राहतीन? माय म्हणे, बदल."

"आत्या तुमच्याकडे राहायची?"

"नाही. ते भंडाऱ्यात राहे. दिवाळीले येत होती." वर त्यांनीच जोडलं, "दरवर्षी नाही येत होती."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तिले कोणी इचारलंच नाही. म्या बी नाही." बाबांना मी चूक कबूल करताना आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ऐकायला तेव्हा तिथे ती नव्हती.

तीन तासांनी ती बाहेर आली. चेहरा उन्हानं लाल झालेला, चपलांना माती. मी विचारलं, कसं होतं. "तुम्ही पाहिलं ना," एवढंच म्हणाली, पण हसत होती. बाबा उठून उभे राहिले. पाण्याची बाटली पुढे केली, घसा खाकरला आणि मुलगी पाहायला आलेल्या माणसासारखे जमिनीकडे बघत म्हणाले, "मी म्हणतो, आतापासून तुले त्याच नावानं हाक मारू का?"

आई पाणी प्यायली. झाकण लावलं. "नको," म्हणाली. "त्या नावानं मले माही माय हाक मारे. तुम्ही मारसान तं तिचा आवाज जाईन."