तिसऱ्या हाकेला ओ

मला कमी ऐकू येतं, असं ताईला वाटायला लागलं ते इथे नेदरलँड्समध्ये, ब्रेडा शहरातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात. ताई म्हणजे माझी मावसबहीण. आठवीत शाळा सोडून घरी बसलेल्या मला तिने मुलीला सांभाळायला इथे आणलं, हे उपकार मी विसरणार नाही. म्हणून तर जास्त भीती वाटायची. बहिऱ्या बाईच्या हाती पोर कोण ठेवेल?

कान माझे ठणठणीत होते. पण आमच्याकडे दिवेलागणीनंतर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्यालाही नाही. तिसरी आली म्हणजे हाक मारणारा माणूस. दुसरं जे काही असतं, ते तीनदा हाक मारत नाही. गावी हे सोपं होतं. इथे डिसेंबरात साडेचारलाच अंधार! आठ वर्षांची पोर शाळेतून येऊन "मावशी!" म्हणाली की मी गप्प कांदा चिरत राहायची. पोरगी पाय आपटायची. ताईने शेवटी हाऊसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे, शुक्रवारची वेळ घेतली. खरं सांगायला जीभ रेटेना. इंजिनिअर बाईला काय सांगू, भुताला घाबरते?

त्याच आठवड्यात बुधवारी, शाळा अर्ध्या दिवसाची म्हणून, लायब्ररीत मुलांसाठी एक जपानी सिनेमा होता. सोबत मोठं माणूस हवं. ताई ऑफिसात, म्हणून मी गेले.

बोलणं जपानी, खाली डच अक्षरं. मला दोन्ही सारखीच! पण सिनेमा मात्र मला शेजारच्या गावातला असावा तसा कळत होता. एका डोळ्याची छत्री उड्या मारत आली, मुलं किंचाळली, मी नाही. मान लांबवणारी बाई आली. मग नदीतून डोक्यावर पाण्याची बशी घेतलेलं एक हिरवं ध्यान वर आलं. म्हटलं, हा तर आमच्या खाडीतल्या भुताचा, गिऱ्ह्याचा भाऊ!

पोर माझ्या दंडाला चिकटली. "मावशी, इज ही बॅड?"

"खोडकर आहे. पाण्याजवळ एकटं जायचं नाही, बस."

पुढे संध्याकाळ झाली. सिनेमातला मुलगा बांबूच्या बनातून निघाला होता आणि मागून त्याच्या आईच्या आवाजात हाक आली. एकच. मुलगा थांबला, तोंड उघडलं.

"अरे, ओ देऊ नको!" मी ओरडले. मराठीत, अख्ख्या हॉलमध्ये.

मुलाने ओ दिली. धुक्यातून हात आला आणि त्याला घेऊन गेला.

पुढच्या रांगेतल्या आजीबाई वळून बघत होत्या. माझे कान तापले. पोर मात्र पडदा सोडून माझ्याकडे बघत होती.

"म्हणून तू आन्सर करत नाहीस?"

"तिसऱ्या हाकेला देते की."

"मी दोनदाच बोलावते," ती हळूच म्हणाली. "मग मला राग येतो."

घरी आल्यावर ताईचा कोट निघायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं, डच, इंग्रजी, मराठी सगळं एकत्र करून. हात कसा आला तेही करून दाखवलं. मी ओट्याशी उभी. मनात बॅग भरायला घेतली होती.

ताई खुर्चीत बसली. "अगं, मग सांगायचंस ना!"

"तू हसली असतीस."

"हसलेच असते," ती म्हणाली, आणि खरंच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी म्हणते, ही उन्हाळ्यात बरी आणि हिवाळ्यात बहिरी कशी?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन करून डॉक्टरची वेळ रद्द केली.

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरून एका दमात आलं, "मावशीमावशीमावशी!"

"ओ!" मी म्हटलं.

आता घोळ वेगळाच झालाय. सहाला, बाहेर काळोख असताना, ताई जेवायला हाक मारते आणि वरून पोरीचा आवाज नाही. ताई माझ्याकडे बघते. मी पोळी उलटते. "अजून दोन," मी सांगते.

ताई सुस्कारा सोडून पुन्हा हाक मारते.